पर्याय ड: सांगता येत नाही

जीआरईच्या गणितात एक प्रश्नप्रकार असा आहे की त्याचे पर्याय दोन दिवसांत पाठ होतात, कारण ते कधीच बदलत नाहीत. स्क्रीनवर दोन राशी शेजारी शेजारी असतात. डावीकडे राशी अ, उजवीकडे राशी ब. वर कधी एखादी अट दिलेली असते, कधी आकृती, कधी काहीच नाही. खाली चार पर्याय. अ मोठी. ब मोठी. दोन्ही समान. आणि चौथा: दिलेल्या माहितीवरून सांगता येत नाही.

याचं अधिकृत नाव क्वांटिटेटिव्ह कम्पॅरिझन. तयारी करणारे सगळे नुसतं क्यूसी म्हणतात. अमेरिकेत बारावीनंतर कॉलेजात जायला जी सॅट परीक्षा असते, तिच्यातही हा प्रकार होता. २००५ साली तो तिथून काढला. जीआरईत तो अजून आहे. मी २०२४ मध्ये जीआरई दिली. बाकीचे प्रश्नप्रकार परीक्षेबरोबर संपले, हा चौथा पर्याय मात्र संपला नाही. हा लेख त्याच्याबद्दल आहे. किती स्कोअर लागतो, कुठलं पुस्तक घ्यावं, हे मी सांगणार नाही. त्यासाठी यूट्यूब भरलेलं आहे.

ज्यांनी ही परीक्षा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. अमेरिकेत आणि इतर काही देशांत एमएस किंवा पीएचडीला जायचं असेल तर ही द्यावी लागायची. कोविडनंतर बऱ्याच विद्यापीठांनी ती ऐच्छिक केली, काहींनी काढूनच टाकली, तरी अनेक ठिकाणी ती अजून मागतात. सप्टेंबर २०२३ पासून परीक्षा छोटी झाली, आता सगळी मिळून १ तास ५८ मिनिटांची. गणिताचे दोन सेक्शन. पहिल्यात १२ प्रश्न, २१ मिनिटं. दुसऱ्यात १५ प्रश्न, २६ मिनिटं. पहिला सेक्शन कसा गेला त्यावर दुसरा किती अवघड येणार ते ठरतं. स्कोअर १३० ते १७०. निगेटिव्ह मार्किंग नाही.

आणि गणित? दहावीच्या पातळीचं. टक्केवारी, गुणोत्तर, मूळ संख्या, वर्गसमीकरण, त्रिकोण, वर्तुळ, सरासरी, मध्यक, थोडी संभाव्यता. कॅल्क्युलस नाही. त्रिकोणमितीसुद्धा नाही. स्क्रीनवर साधा कॅल्क्युलेटर मिळतो. चार वर्षं इंजिनिअरिंगचं गणित केलेल्या माणसाला हा सिलॅबस वाचून हसू येतं. पहिली मॉक टेस्ट दिल्यावर ते हसू जातं. त्यात अवघड असतो तो धडा नाही, प्रश्न विचारायची पद्धत.

माझं शिक्षण कराडजवळच्या एका गावात मराठी माध्यमात झालं, आठवीपासून सेमी-इंग्रजी. भूमितीच्या वहीत आम्ही तीन मथळे लिहायचो: पक्ष, साध्य, सिद्धता. पक्ष म्हणजे काय दिलंय. साध्य म्हणजे काय दाखवायचंय. सिद्धता म्हणजे मधला रस्ता. 'चक्रीय चौकोनाचे संमुख कोन परस्परांचे पूरक असतात हे सिद्ध करा.' गंमत बघा, इथे उत्तर प्रश्नातच दिलेलं आहे. ते खरं आहे की नाही ही शंकाच नाही. तुम्ही फक्त रस्ता दाखवायचा. आमच्या बाई म्हणायच्या, "उत्तर चुकलं तर चुकू दे, रीत लिहा. रीतीला मार्क असतात." तीन ठिपक्यांचं 'म्हणून'चं चिन्ह काढता काढता आम्ही मोठे झालो.

मग बारावी. २०१६ साली इंजिनिअरिंगसाठी सीईटी परत सुरू झाली, त्या वर्षीची आमची बॅच. गणिताचे पन्नास प्रश्न, दीड तास, प्रत्येकाला चार पर्याय. इथे रीतीला कुणी विचारत नव्हतं. क्लासमध्ये शिकवायचे: पर्यायातल्या किमती समीकरणात घालून बघा, कुठली बसते ती लिहा. दहावीत ज्या गोष्टीला मार्क होते तीच गोष्ट आता वेळ खाणारी ठरली. गणित तेच होतं, बाईही चुकीच्या नव्हत्या आणि क्लासवालेही. प्रश्नाचा साचा बदलला की 'येणं' या शब्दाचा अर्थच बदलतो, एवढंच.

२०२० साली आमची फायनल इयरची परीक्षा लॉकडाउनमुळे घरी बसून ऑनलाइन झाली, तीही बहुपर्यायी. म्हणजे पक्ष-साध्य-सिद्धतेपासून निघालेली गाडी शेवटी माऊसच्या क्लिकवर येऊन थांबली. नंतर खराडीत नोकरी लागली. चार वर्षं बॅकएंडचं काम केल्यावर जीआरईचं अ‍ॅप फोनमध्ये घेतलं. रोज सकाळी बसमध्ये दहा प्रश्न.

तिथे चार प्रकार भेटले. पहिला ओळखीचा, एकच बरोबर पर्याय असलेला. त्याच्यासमोर गोल असतात.

दुसऱ्यासमोर चौकोन असतात. चौकोन दिसले की समजायचं, बरोबर उत्तरं एकाहून जास्त असू शकतात. किती, ते बऱ्याचदा सांगत नाहीत. सगळी बरोबर टिकली तरच मार्क, एक राहिलं किंवा एक जास्त झालं की शून्य. एक उदाहरण देते. न हा धन पूर्णांक आहे आणि न चा वर्ग ७२ ने विभाज्य आहे. तर खालीलपैकी कोणत्या संख्यांनी न नक्कीच विभाज्य असेल: ४, ६, ८, १२, १८, २४? घाईत माणूस ७२ ला भाग जाणाऱ्या सगळ्या संख्या टिकतो, म्हणजे सगळेच चौकोन. पण ७२ म्हणजे दोनाचा घन गुणिले तीनाचा वर्ग. वर्गसंख्येत प्रत्येक मूळ संख्येचा घात सम लागतो, म्हणजे न मध्ये किमान दोनाचा वर्ग आणि एक तीन हवेच. न किमान १२ चा गुणक. उत्तर ४, ६ आणि १२. न बरोबर १२ असेल तर ८, १८, २४ तिथेच बाद होतात. इथे सगळं वजन 'नक्कीच' या एका शब्दावर आहे. त्या जागी 'कदाचित' असता तर सहाही चौकोन टिकावे लागले असते.

तिसरा प्रकार म्हणजे रिकामा चौकोन, न्यूमेरिक एंट्री. पर्याय नाहीत. उत्तर स्वतः टाइप करायचं. एसटी एका गावाला ताशी ३० किलोमीटरने गेली आणि त्याच रस्त्याने ताशी ६० ने परत आली, तर सरासरी वेग किती? पर्यायांमध्ये ४५ दिसला असता तर निदान शंका आली असती की हा सापळा आहे. रिकाम्या चौकोनात ४५ लिहिलं तरी तो काही बोलत नाही. गाव ६० किलोमीटरवर धरा: जायला दोन तास, यायला एक. १२० किलोमीटर, तीन तास. सरासरी ४०. एक मात्र या प्रकारात माणुसकी आहे. अपूर्णांक विचारला असेल तर तो संक्षिप्त रूपातच हवा असं नाही, ३/४ ऐवजी ६/८ लिहिलं तरी चालतं. आमच्या शाळेत चाललं नसतं.

आणि मग क्यूसी.

सुरुवातीला मी क्यूसी साध्या गणितासारखेच सोडवायचे. अ काढा, ब काढा, तुलना करा. वेळ पुरायचा नाही. मग लक्षात आलं की इथे किंमत कुणी मागितलेलीच नाही. दोनाचा तिसावा घात मोठा की दहाचा नववा? कॅल्क्युलेटरला हात लावायची गरज नाही. दोनाचा दहावा घात १०२४, तो हजाराहून मोठा. दोन्हींचा घन करा, झालं. (लॅपटॉपच्या डब्यावर ५१२ जीबी लिहिलेलं असतं आणि विंडोज ४७६ दाखवतं, ते याच फरकामुळे. डब्यावरची जीबी दहाच्या घातात मोजलेली, विंडोजची दोनाच्या.) क्ष चे य टक्के आणि य चे क्ष टक्के यांत मोठं काय? दोन्ही समान, नेहमीच. ५० चे १८ टक्के काढायला सोपे की १८ चे ५० टक्के, ते तुमचं तुम्ही ठरवा.

हे झालं अ, ब आणि क बद्दल. माझी गाडी अडायची ती ड पाशी.

सगळ्यात साधं उदाहरण घ्या. अट: क्ष शून्याहून मोठा आहे. राशी अ: क्ष चा वर्ग. राशी ब: क्ष. डोळे झाकून 'अ मोठी' म्हणावंसं वाटतं, कारण संख्या म्हटलं की आपल्यासमोर २, ३, ४ येतात. पण क्ष पूर्णांक आहे असं कुणी म्हटलेलं नाही. क्ष २ असेल तर वर्ग ४, अ मोठी. क्ष १/२ असेल तर वर्ग १/४, ब मोठी. दोन्ही किमती अटीत बसतात आणि दोन्हींची उत्तरं वेगळी आहेत. म्हणून ड.

या 'म्हणून'मध्ये सगळं आहे. ड हे उत्तर 'मला येत नाही' असं म्हणत नाही. ड सिद्ध करावा लागतो. त्यासाठी अटीत बसणारी दोन उदाहरणं लागतात, एकमेकांविरुद्ध जाणारी. एक उदाहरण कितीही वेळा तपासा, त्याने ड मिळत नाही. तयारी करणारे ठरावीक संख्या घालून बघतात: शून्य, एक, ऋण संख्या, एकापेक्षा लहान अपूर्णांक, खूप मोठी संख्या. माझ्यासारखी कोड लिहिणारी माणसं हे रोज करतात. फंक्शन नेहमीच्या इनपुटवर चालतं हे बघून कुणी खूश होत नाही. रिकामी यादी द्या, ऋण आकडा द्या, मग बोलू.

ड बद्दल आणखी एक नियम आहे. दोन्हीकडे नुसते ठरलेले आकडे असतील, कुठे क्ष नसेल, तर ड कधीच बरोबर नसतो. हिशेब कितीही किचकट असो, दोन आकड्यांत एक मोठा असतो किंवा दोन्ही सारखे असतात. अशा वेळी ड दाबणं म्हणजे आळस. म्हणजे 'सांगता येत नाही' म्हणायचा हक्क तेव्हाच आहे जेव्हा खरोखरच काहीतरी अज्ञात आहे, आणि ते काय आहे हे तुम्ही बोट ठेवून दाखवू शकता.

आमच्या शाळेत हे उत्तर कधी नव्हतं. बोर्डाच्या पेपरात माहिती अपुरी निघाली तर ती छपाईची चूक धरायचे, आणि चर्चा व्हायची की आता सगळ्यांना मार्क मिळणार का. प्रश्न आहे म्हणजे उत्तर आहे, हे आम्ही गृहीतच धरलं होतं. तोंडी परीक्षेत 'सांगता येत नाही' म्हणणारा मुलगा म्हणजे अभ्यास न केलेला मुलगा. नोकरीतही पहिली दोन-तीन वर्षं तेच. मीटिंगमध्ये "किती दिवस लागतील?" विचारलं की रिकामा चौकोन समोर आल्यासारखा मी आकडा टाकायचे, कारण गप्प बसणं वाईट दिसतं. क्यूसी करायला लागल्यापासून मी म्हणायला लागले, "आत्ता सांगता येत नाही. समोरच्या टीमचं एपीआय सोमवारपर्यंत आलं तर चार दिवस, नाही आलं तर नऊ." लोकांना हे चालतं असं दिसलं. उलट सोमवारी त्या टीमला फोन कुणी करायचा हे त्याच मीटिंगमध्ये ठरायला लागलं.

परीक्षा झाली. गणितात १६८ आले. डिसेंबरपर्यंत अर्ज गेले, मार्चमध्ये एका चांगल्या विद्यापीठाचं बोलावणं आलं. आणि आमच्या घरात क्यूसीचा सगळ्यात मोठा प्रश्न सुरू झाला.

पप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक. निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. फी आणि राहणं मिळून साधारण ४० लाखांचं कर्ज लागणार होतं, आणि बँकेला तारण हवं होतं. तारण द्यायला आमच्याकडे एकच गोष्ट आहे, गावातलं घर. मामांचं मत ठाम होतं: राशी अ मोठी. "अमेरिकेतला पगार आणि पुण्यातला पगार, यात विचार करण्यासारखं काय आहे?" त्यांनी फोनवरच दोन्ही आकडे रुपयांत काढून दाखवले. दोन्हीकडे नुसते आकडे. अशा प्रश्नात ड नसतोच.

पप्पांनी त्यांची डायरी काढली. त्यात ते गाडीच्या सुट्या भागांचा हिशेब लिहितात तसंच त्यांनी लिहिलं: कर्ज ४० लाख. व्याज ११ टक्के. दहा वर्षं. मला म्हणाले, "हप्ता किती बसंल?" मी काढला, सुमारे ५५ हजार. ते म्हणाले, "आणि तू शिकत असताना व्याज थांबतंय व्हय?" थांबत नाही. शिक्षण आणि नोकरी शोधायचा काळ मिळून अडीच वर्षं धरली तर साधं व्याजच ११ लाख. ५१ लाखांवर हप्ता सुमारे ७० हजार. तेव्हा माझा हातात येणारा पगार ८५ हजार होता.

"नोकरी तिथं लागली तर ७० हजार काहीच न्हाई," पप्पा म्हणाले. "लागंल का?"

माझ्यासमोर दोन मुलं होती, दोघंही माझ्या वर्गातली. एकच कॉलेज, एकच शाखा, जीआरईच्या गणितात एकाला १६६, दुसऱ्याला १६७. दोघं साधारण सारख्याच दर्जाच्या विद्यापीठांत कॉम्प्युटर सायन्सला गेले. पहिला २०२१ च्या जानेवारीत गेला आणि २०२२ च्या मे महिन्यात बाहेर पडला. त्याच्या हातात तेव्हा दोन ऑफर होत्या. दुसरा ऑगस्ट २०२१ मध्ये गेला आणि मे २०२३ मध्ये बाहेर पडला. मधल्या काळात, २०२२ च्या अखेरीस आणि २०२३ च्या सुरुवातीला, तिथल्या मोठ्या कंपन्यांनी हजारोंनी माणसं कमी केली होती. पदवीनंतर काम करायची जी परवानगी विद्यार्थ्यांना मिळते, तिच्या पहिल्या वर्षात एकूण ९० दिवसांपेक्षा जास्त बिनकामाचं राहता येत नाही. शेकडो अर्ज करून त्याचे ते दिवस संपले आणि तो परत आला. आता तो नाशिकला असतो, कर्ज फेडतोय.

अटी सगळ्या त्याच, उत्तरं विरुद्ध. माझ्या डोक्यात ते आपोआप मांडलं गेलं: केस एक, केस दोन, म्हणून ड. आणि ते मांडल्यावर मला कसंतरीच झालं. माझ्याबरोबर चार वर्षं मेसच्या लाईनीत उभा राहिलेला मुलगा म्हणजे माझ्या सिद्धतेतलं प्रतिउदाहरण.

मी त्याला फोन केला. काय विचार चाललाय ते जसंच्या तसं सांगितलं, क्यूसीसकट. तो आधी हसला. मग म्हणाला, "मला केस दोन म्हण, चालेल. पण तारीख टाक. २०२३ ची केस दोन. पुढचं मलाच माहीत नाही." मग त्याने मला तासभर सगळं सांगितलं. कुठला खर्च आधी लक्षात येत नाही, कुठल्या महिन्यापासून अर्ज सुरू करावेत, घरच्यांना खरं कधी सांगावं. आमच्या बॅचच्या ग्रुपवर त्याचे तिथले जे फोटो आहेत, बर्फातले, त्यातल्या एकात तो खूप खूश दिसतो. तो फोटो कधीचा, मी विचारलं. म्हणाला, "ऐंशीव्या दिवसाचा." जीआरईच्या सूचनांमध्ये एक वाक्य असतं, भूमितीच्या आकृत्या प्रमाणात काढलेल्या असतीलच असं नाही. मला ते आठवलं, पण मी काही बोलले नाही.

एवढ्यावर थांबले असते तर ड माझ्या उपयोगाचा नव्हता. परीक्षेत ड दाबला की पुढचा प्रश्न येतो. इथे पुढचा प्रश्न येत नव्हता. विद्यापीठाला १५ एप्रिलपर्यंत हो किंवा नाही कळवायचं होतं, आणि तिसरं बटण नव्हतं. पण क्यूसीनेच दुसरी एक गोष्ट शिकवली होती. क्ष चा वर्ग आणि क्ष, यांत मोठं काय हे सांगता येत नाही. पण क्ष एकापेक्षा मोठा आहे एवढी एक अट घाला, ड चा लगेच अ होतो. म्हणजे 'सांगता येत नाही' याच्या पुढे एक प्रश्न असतो: कुठली अट घातली तर सांगता येईल?

एका रविवारी गावी मी, आई आणि पप्पा बसलो. नोकरी लागेल का, याचं उत्तर आमच्यापैकी कुणाच्या हातात नव्हतं. अट कशावर घालता येईल, तर कर्जावर. आई तोपर्यंत फारशी बोलली नव्हती. ती म्हणाली, "तू हात हलवत परत आलीस तरी घर आपलंच राहिलं पाहिजे. बाकी कायबी कर." एवढीच अट. मी ती डायरीत लिहिली: केस दोन झाली तरी हप्ता पुण्याच्या पगारातून जायला हवा आणि घर तारण नसावं. मग उलटा हिशेब केला. पुण्यात भाडं, खाणं आणि घरी पाठवायचे पैसे सोडून माझ्याकडून महिन्याला २५-२६ हजार निघतात. व्याजासकट ते कर्ज साधारण १५ लाखांचं होतं, ४० चं नाही. मधले २५ लाख कुठून तरी यायला हवे होते: स्कॉलरशिप, कमी फीचं विद्यापीठ, किंवा माझी स्वतःची बचत. त्या मार्चमध्ये तिन्ही नव्हतं.

सांगता येत नव्हतं ते त्या अटीखाली सांगता आलं. मी नाही कळवलं.

मामांना अजून वाटतं की मी घाबरले. त्यांच्याशी मी वाद घालत नाही. त्यांची राशी अ चुकीची नव्हतीच. केस एकमध्ये ती खरोखरच मोठी आहे, माझा पहिला मित्र त्याचा पुरावा आहे. पप्पांनी त्या रात्री डायरी मिटली आणि बराच वेळ पंख्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "माझ्यामुळं न्हाई ना राहिलीस?" या प्रश्नाला मी आजही एका शब्दात उत्तर देऊ शकत नाही. तेव्हा मी म्हणाले, "घर माझंपण आहे की, पप्पा." ते काही बोलले नाहीत. सकाळी मला स्टँडवर सोडायला आले तेव्हा स्वतःहून विचारलं, "त्या परीक्षेचे मार्क कवापर्यंत चालतात?"

पाच वर्षं चालतात. म्हणजे २०२९ पर्यंत. तेव्हापासून मी दर महिन्याला एक रक्कम बाजूला टाकते, आणि कमी फीच्या विद्यापीठांची एक यादी केली आहे. यादीत तीन रकाने आहेत: फी, घर तारण न ठेवता मिळू शकणारं कर्ज, आणि माझ्या बचतीतून भरायचा फरक. पप्पांनी फोनवर यादी वाचून घेतली आणि चौथा रकाना घालायला सांगितला: शिकतानाचं व्याज. जाईन का? या वर्षीच्या आकड्यांवरून सांगता येत नाही. पण कुठला आकडा हलला की सांगता येईल, ते आता घरात तिघांनाही माहीत आहे.

मामांचा मुलगा आता इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. त्यालाही जायचंय. त्याने जीआरईचं अ‍ॅप घेतलंय, रोज रात्री मला अडलेल्या प्रश्नांचे स्क्रीनशॉट पाठवतो. परवा एक क्यूसी आला, खाली त्याचा मेसेज: "ताई, हे ड असणार ना? मला तरी काही कळत नाहीये."

मी लिहिलं, "कळत नसेल तर ड नाही. अटीत बसणाऱ्या दोन किमती पाठव."

वीस मिनिटं दोन निळ्या टिकांखेरीज काहीच नाही. मग वहीच्या पानाचा फोटो आला. एक किंमत उणे तीन, दुसरी एक चतुर्थांश. खाली त्याने तीन ठिपके काढून 'म्हणून' लिहिलं होतं.